टास्मानियाचा लेदरवूड मध पार गोठलाय, भेसळ असेल का?

पंचवटीची_सून:
नमस्कार मंडळी, माझे दीर होबार्टला असतात, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, दिवाळीला येताना मधाची बरणी आणली, वर लेदरवूड लिहिलंय. डिसेंबरपर्यंत ठीक होता, आता या थंडीत असा घट्ट झालाय की चमचा उभा राहतो. सासूबाई म्हणतात साखरेचा पाक गळ्यात मारलाय, खरा मध गोठतच नाही. त्यात वासही वेगळाच, फुलांचा आहे पण जरा मसाल्यासारखा उग्र, आमच्याकडे जांभळाच्या मधाची सवय त्यामुळे कुणाला पटेना. मी पाण्यात थेंब टाकून बघितला, कापसाची वात बुडवून पेटवून बघितली, पेटली, तरी सासूबाई काय ऐकेनात. आणि हे लेदरवूडचं झाड नक्की कसलं?

दिंडोरीचा_पेटीवाला:
ताई, वात अन् पाण्यानं काही कळत नाही, दाट पाक पण तसाच तळाला बसतो. आणि खरा मध गोठतो की! ज्यात ग्लुकोज जास्त तो लवकर कण धरतो, १० ते १५ अंशांत सगळ्यात जोरात, आणि आपल्या इकडची जानेवारीतली रात्र म्हणजे तेवढीच किंवा त्याच्याही खाली. मोहरीचा मध तर बघता बघता तुपासारखा होतो. मात्र गोठला म्हणजे अस्सलच असंही नाही हां, खात्री लॅबमध्येच होते, तिथं परागकण पण बघतात. बरणी कोमट पाण्यात ठेवा, हात घालवेल इतपतच, गॅसवर अजिबात नको, वास उडून जातो.

आता_गंगापूर_रोड:
मी तीन वर्षं टास्मानियातच लॉन्सेस्टनला होतो म्हणून सांगतो, तो वास तसाच असतो, पहिल्यांदा मलाही अत्तर सांडल्यासारखं वाटलं होतं. झाड फक्त टास्मानियाचं, बेटाच्या पश्चिमेकडच्या ओल्या थंड जंगलात वाढतं, जगात दुसरीकडे आपसूक कुठेच नाही. चार पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुपका. फुलतं जानेवारी ते मार्च, तिकडचा उन्हाळा, तेव्हा मधवाले ट्रकमध्ये मधमाश्यांच्या पेट्या भरून कच्च्या रस्त्यांनी जंगलात नेऊन ठेवतात. तिथल्या मधापैकी निम्म्याहून जास्त याच झाडाचा. पण झाड फार सावकाश वाढतं, मध निघण्याजोगा बहर यायला कित्येक दशकं जातात, त्यामुळे तोडलं किंवा जळलं की एका माणसाच्या हयातीत भरपाई नाही. २०१९ च्या जानेवारीतल्या वणव्यांत अशी बरीच जंगलं गेली. आणि गंमत म्हणजे झाड अस्सल तिथलं पण मधमाशी बाहेरची, युरोपातून १९ व्या शतकात जहाजातून नेलेली. या झाडाचा चुलतभाऊ उल्मो थेट चिलीत आहे, त्याचाही मध निघतो. पूर्वी हे सगळे भूभाग गोंडवन नावाच्या एकाच प्राचीन महाखंडात जोडलेले होते ना, आपलं दख्खनही त्यातच.

सिडको_मामा:
म्हणजे मनुका हनीच ना? तो लय महाग.

आता_गंगापूर_रोड:
नाही मामा, मनुका वेगळं झाड, नाव न्यूझीलंडमुळे गाजलं. आणि आपल्या द्राक्षाच्या मनुक्याशी तर दोघांचाही संबंध नाही 😄

दिंडोरीचा_पेटीवाला:
बाहेरच्या माशीचं बरोबर आहे, आपल्याकडं पण पेट्यांत मेलिफेरा युरोपातलीच, सातेरी आणि आग्या मात्र आपल्या. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटात परागीभवनासाठी मी पेट्या देतो, गेल्या साली शेजारच्या रानात ऐन फुलोऱ्यात भर सकाळी फवारणी झाली अन् संध्याकाळी पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा, मुठीनं उचलल्या. संध्याकाळी फवारा म्हणून किती वेळा सांगायचं. बाकी खास मध आपल्याकडं पण आहे, कारवीचा, पण ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, वाट बघायची तयारी पाहिजे.

पंचवटीची_सून:
धन्यवाद सगळ्यांना. काल पातेल्यात कोमट पाणी घेऊन ठेवली, कडेचा सुटला, मधला गोळा तसाच. सासूबाईंनी तोच गोळा चमच्याने काढून बाजरीच्या भाकरीला लावला आणि काही न बोलता दुसरा घेतला. पंचामृताला मात्र जांभळाचाच लागणार म्हणाल्या, हा नाही चालणार.