ब्रश, पाण्याचा फवारा, क्लीनिंगचं मशीन : तुमच्या हिरड्यांचं काय झालं?

ओठ वर करून आरशात बघितलं तर सुळ्याचं मूळ पिवळट दिसत होतं. हिरडी दोनेक मिलिमीटर वर सरकलेली. इलेक्ट्रिक ब्रश घेऊन वर्ष झालं होतं आणि मी तो साध्या ब्रशसारखाच खसाखसा, दाबून घासत होते. डॉक्टर म्हणाल्या, ब्रश स्वतःच हलतो, तुम्ही हात हलवू नका. हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढचा दात. सरकलेली हिरडी आपोआप खाली येत नाही हे ऐकलं आणि रडूच कोसळलं. आता पेनासारखा चिमटीत धरते. मुठीत धरला की जोर लागतोच. दोन वर्षांत हिरडी तिथून हललेली नाही. तुमच्या बाबतीत काय घडलं, बरंवाईट सगळं लिहा.

*

दातांच्या फटी धुणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याने पहिल्याच दिवशी बेसिन लाल झालं. घाबरून मशीन कपाटात टाकलं. तीन महिन्यांनी दवाखान्यात खुणा केलेली बारीक सळई हिरडीखाली घालून दात आणि हिरडीमधली खोली वाचली: ४, ५, ५ मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक असतं म्हणे. रक्त फवाऱ्यामुळे येत नव्हतं, हिरडी आधीच सुजलेली होती. मग सगळ्यात कमी दाबावर, टोक हिरडीत न खुपसता दाताला काटकोनात धरून पुन्हा सुरू केलं. बाराव्या दिवशी थुंकी स्वच्छ. पण फवाऱ्याने दातावरचा चिकट थर पुरता निघत नाही, ब्रश हवाच.

*

वरचे बारा दिवस वाचून राहवलं नाही. मी दंतवैद्यकाचा विद्यार्थी. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅरल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. म्हणून रक्त दिसलं की ब्रश थांबवू नका, फक्त हात हलका करा. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर मात्र दाखवा.

*

माझा मऊ साधा ब्रशच बरा. यंत्राने वेगळं काही झालं नाही.

*

बाबांचं ठाम मत, मशीनने दात हलतात. खूप विनवण्या करून क्लीनिंगला नेलं. घरी आल्यावर जिभेला फटी लागायला लागल्या, पाणी पिताना झिणझिण्या. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टरांनी निघालेला कीटणाचा तुकडा दाखवला होता, तपकिरी, दगडासारखा. फटी त्यानेच बुजलेल्या होत्या, शिवाय सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते. मशीनचं टोक सेकंदाला २५,००० वेळा किंवा त्याहून जास्त थरथरतं. त्या धक्क्याने कीटण सुटतं आणि पाणी टोकाला थंड ठेवतं. आठवड्याभरात झिणझिण्या गेल्या. आता सहा महिने झाले की बाबा स्वतः तारीख विचारतात.

*

दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश मी जाड आकाराचा आणला आणि रेटून घातला. मधली टोकदार हिरडी सोलून निघाली. एक आकार कमी केल्यावर अलगद जातो.

*

माझं कधीच रक्त आलं नाही, म्हणून वीस वर्षं निर्धास्त होतो. सिगारेटने हिरडीतून रक्त येणं कमी होतं, आतला आजार झाकला जातो, हे दोन दाढा हलायला लागल्यावर कळलं. सिगारेट ओढत असाल तर रक्ताची वाट बघू नका, आताच हिरड्या मोजून घ्या.