दुकान विकताना मालाचा हिशेब वेगळा ठेवा

लहान दुकान विकायचं तर किंमत किती सांगावी, असं विचारलं की काही जण म्हणतात, वर्षाच्या नफ्याच्या दोन-तीन पट किंमत सांगा आणि मोकळे व्हा. पण पट कशाची, हे आधी ठरायला हवं. लहान दुकानात नफा-तोटा पत्रकातला आकडा मालकाची खरी कमाई दाखवत नाही. मालकाचा पगार, घरीही वापरली जाणारी गाडी, एकदाच निघालेली मोठी दुरुस्ती, या सगळ्याचा खर्च नफ्यात परत जोडावा लागतो. आणि घरचं कुणी बिनपगारी गल्ल्यावर बसत असेल, तर त्या कामाचा पगार वजाही करावा लागतो. हे विकणारा विसरतो, घेणारा नाही.

खरी ओढाताण होते ती मालावरून. समजा लोकर आणि विणकामाच्या सामानाचं दुकान आहे. कपाटं भरलेली दिसतात, पण एकाच डाय-लॉटचे (म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, छटा तंतोतंत जुळणारे) दोनच गुंडे उरले असतील तर त्यात स्वेटर होत नाही. तो माल खरेदी किमतीने कुणी का घ्यावा? म्हणून बोलणी सुरू करण्याआधीच असा पडून राहिलेला माल सेल लावून काढून टाका. उरलेल्याची मोजणी ताबा देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून करायची, असं करारातच लिहा.

जागा भाड्याची असेल तर जागामालकाची लेखी संमती हातात येईपर्यंत सौदा पक्का धरू नका. आणि गिऱ्हाईक तुमच्या सल्ल्यासाठी येत असेल, तर विक्रीनंतर काही महिने नव्या मालकासोबत काउंटरवर उभं राहायची तयारी ठेवा. त्याचा मोबदला मात्र वेगळा ठरवून घ्या.