मदत हवी आहे: रत्नागिरीच्या मार्केटिंग कॉन्फरन्सला चाललेय, माणसं गाठायची कशी आणि येताना आणायचं काय?

रातांबा

नमस्कार मंडळी. मी मालवणजवळची. घरचा धंदा आगळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि अमृत कोकमचा. मे महिन्यात थोडे आंबे, आणि माडीवर पर्यटकांसाठी दोन खोल्या. माल आई आणि काकू बनवतात, मी विकते. म्हणजे विकायचा प्रयत्न करते.

पुढच्या महिन्यात रत्नागिरीत दोन दिवसांची मार्केटिंग कॉन्फरन्स आहे. फी ३,५०० रुपये, राहणं-खाणं वेगळं. आईला सांगितलं तर म्हणाली, "इतक्या पैशात रिकाम्यो बाटल्यो इल्यो असत्यो गो." तिचं चुकत नाही. कारण गेल्या वर्षी अशीच एक पुण्याला केली होती, त्याची कथा ऐका.

पुण्याहून ४३ व्हिजिटिंग कार्डं घेऊन आले. घरी आल्यावर आठवड्याने सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: "नमस्कार, आपण कॉन्फरन्समध्ये भेटलो होतो, आमचं कोकम आगळ जरूर ट्राय करा." उत्तरं आली चार. त्यातले एक गृहस्थ मलाच विमा विकायला लागले. बाकीच्यांचे चेहरेही आठवत नव्हते, कोणतं कार्ड कुणाचं ते कसं कळणार? वही ३१ पानं भरली होती. परवा उघडून पाहिली. एका पानावर 'कंटेंट इज किंग' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. त्या दोन रेघा मी का मारल्या हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

तर अनुभवी लोकांनो, मदत करा. तशी मी बोलायला कमी नाही, पण तिथे ब्लेझरवाले घोळके करून उभे असतात, त्या घोळक्यात शिरायचं कसं? भाषणातलं काय लिहायचं आणि काय सोडून द्यायचं? आणि सँपल म्हणून आगळाच्या बाटल्या न्याव्यात का?

गावठीकाजू

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. काचेच्या बाटल्या अजिबात नको. एसटीत एक फुटली की तुमचे कपडे, शेजाऱ्याचे कपडे आणि कंडक्टरचा मूड, सगळं लालेलाल. सोलकढी करून न्यायचा विचार असेल तर तोही सोडा, नारळाचं दूध दुपारपर्यंत दगा देतं. मी काजू नेतो तेव्हा एका मुठीत मावेल एवढी पाकिटं करतो. त्यावर नाव, फोन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर. तुम्ही आमसुलं न्या. ती गळत नाहीत, फुटत नाहीत, आणि पाकीट उघडलं की चार माणसं आपण होऊन विचारतात, कसला वास येतोय म्हणून.

खाडीपल्याड

ताई, मी गुहागरला होमस्टे चालवतो, अशा पाचसहा ठिकाणी जाऊन आलोय. एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला तिथून नक्की हवंय काय? एका वाक्यात सांगा.

रातांबा

राग कसला. हवंय म्हणजे... जून ते ऑगस्ट आमच्या खोल्या ओस पडतात. होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद, मग ताजं मासळीचं ताट तरी कुठून देणार? त्या काळात गिऱ्हाईक हवं. शिवाय आगळ वर्षभर टिकतं पण लोकांना त्याची आठवण उन्हाळ्यातच येते, तर इतर महिन्यांतही ते खपायला हवं. आंब्याच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी करायची आहे. आणि इन्स्टाग्रामचंही काहीतरी जमवायला हवंय.

खाडीपल्याड

हे एक वाक्य नाही, हे चार धंदे झाले. समोरच्याला चहा संपेपर्यंत वेळ असतो, आणि तुम्ही त्याला अख्खं वर्ष ऐकवणार. कॉन्फरन्सपुरता एकच धंदा निवडा. माझं मत विचाराल तर आगळ, तेही घरगुती गिऱ्हाइकासाठी नाही. मालवणी जेवण देणाऱ्या हॉटेलांना सोलकढी बारा महिने लागते, त्यांना कसला आलाय उन्हाळा? त्यांना पाच लिटरचा कॅन द्या. आता वाक्य करा.

रातांबा

"मी मालवणहून मालवणी हॉटेलांना वर्षभर पाच लिटरच्या कॅनमधून कोकम आगळ पुरवते." खरं तर अजून एकालाही पुरवत नाही, पण वाक्य झालं.

खाडीपल्याड

"पुरवते" नको, "पुरवायचं आहे" म्हणा. खोटं बोललात तर दुसऱ्याच प्रश्नाला पकडल्या जाल. आणि खरं सांगितलंत की माणसाला मदत करायची हुक्की येते.

चाकरमानी ठाणेकर

मी एका जाहिरात एजन्सीत आहे, म्हणजे त्या ब्लेझरवाल्यांपैकीच एक समजा. आतली गोष्ट सांगतो. घोळक्यातल्या निम्म्यांना तिथून निसटायचं असतं, फक्त निमित्त मिळत नसतं. त्यामुळे घोळक्यात शिरूच नका, एकटा उभा असलेला माणूस शोधा. तो चहाच्या रांगेत सापडतो, नाहीतर फोन चार्ज करायला भिंतीजवळ उभा असतो. सकाळी अर्धा तास आधी पोचा. तेव्हा हॉलमध्ये आयोजकांची पोरं आणि तीनचार लवकर आलेली माणसं एवढेच असतात, ओळख आपोआप होते. जेवताना ओळखीच्या माणसाशेजारी बसायचं नाही, हा नियम कितीही जिवावर आला तरी पाळा.

आणखी एक युक्ती, माझ्या मते सगळ्यात स्वस्त. भाषण संपल्यावर प्रश्न विचारतात ना, तिथे हात वर करा. प्रश्नाआधी नाव, गाव आणि तुमचं ते एक वाक्य. मग तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही. ज्याला गरज आहे तो दुपारी स्वतः तुमच्यापाशी येतो. फक्त प्रश्न खराखुरा हवा. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणाऱ्यांना लोक दिवसभर टाळतात.

रातांबा

पण दादा, मला हॉटेलवाले गाठायचेत. मार्केटिंगच्या कॉन्फरन्सला हॉटेलवाले येतील का? येणार ते तुमच्यासारखे एजन्सीवाले.

चाकरमानी ठाणेकर

हॉटेलवाले नसतील, पण हॉटेलांची जाहिरात करणारे असतील! आम्ही ज्यांच्या पोस्टी करतो त्यांचा मालक आमच्या फोनमध्ये असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावरच शोधनिबंध लिहिला. नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, या जागेची खबर कुणाकडून कळली? बहुतेकांना ती जिवलग मित्रांकडून मिळालेली नव्हती, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. कारण साधं आहे. आपले जवळचे लोक आपल्याच गावात फिरतात, त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. तुमच्या वाडीतल्या दहा कोकमवाल्यांना विचारून ठाण्याचं हॉटेल सापडायचं नाही. म्हणून तिथे "तुम्ही आगळ घ्याल का" असं विचारूच नका. "तुमच्या ओळखीत मालवणी हॉटेल चालवणारं कुणी आहे का" असं विचारा. याचं उत्तर देताना कुणाच्या खिशाला चाट बसत नाही.

आबोली

वाचनखूण साठवली. माझीही पुण्याची वही अशीच आहे. 😄

निवृत्त मास्तर

नोंदींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो. म्हणजे वही आठवड्याने उघडलीत तर उशीर झाला. त्याच रात्री उघडायची. मुलांना मी सांगत असे, तेच सांगतो. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे वक्ता काय म्हणाला ते, उजवीकडे "मग मी काय करू" ते. रात्री बसून उजवी बाजू भरा. जिथे उजवीकडे काहीच सुचत नाही, ते डावीकडचं कितीही गोड वाटलं तरी खोडून टाका. तुमच्या 'किंग'समोर काय लिहिलं असतंत? काही नाही. गेला किंग.

पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचे फोटो काढत बसू नका. ते आयोजकांकडे मागितले तर बहुधा मिळतात, आणि फोटो काढणारा माणूस ऐकत नसतो.

गावठीकाजू

मास्तर 👏 कार्डांचंही तसंच. कार्ड मिळालं की दोन पावलं बाजूला जाऊन मागे लिहायचं: कुठे भेटला, काय बोलला, मी त्याला काय पाठवणार. फोनमध्ये नाव साठवतानाही "अमुक, रत्नागिरी, काजू मशीनवाला" असं साठवतो मी. आणि ताई, नुसतं त्याचं कार्ड घेऊन उपयोग नाही, तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करायला लावा. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. मी दोन वर्षं दीडशे जणांना दर पाडव्याला ऑफर पाठवत होतो. ती पोचत होती वीस जणांना. ते वीसही बहुतेक आमचेच पाव्हणे.

खाडीपल्याड

पण न विचारता कुणाला ग्रुपमध्ये टाकू नका. त्यापेक्षा अबोला बरा.

सह्याद्रीखालचा

तिथे प्रत्येक वक्ता सांगेल, "आपली कहाणी सांगा." तुमच्याकडे कहाणीपेक्षा पक्की गोष्ट आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, हापूसला मिळालं त्याच्याही दोन वर्षं आधी. हे आपल्याकडच्याच कित्येकांना माहीत नसतं. मात्र मानांकन आहे म्हणून आपण बाटलीवर शिक्का मारून मोकळं व्हायचं नसतं. त्यासाठी चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. तुमची झालीय का? नसेल तर तिथे छाती फुगवून बोलण्याआधी अर्ज तरी करा.

रातांबा

नाही झालेली. उद्याच चौकशी करते. सगळ्यांचे आभार, जाऊन आले की लिहिते.

रातांबा (पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आले. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोचले खरी, पण हॉलला कुलूप! चावीवाला येईपर्यंत पायरीवर बसले. शेजारी आणखी एक बाई बसल्या होत्या. चिपळूणच्या, पापड-मसाल्यांचा गट चालवतात. तासभर गप्पा झाल्या. त्यांच्याकडून पाच लिटरचे फूड ग्रेड कॅन कुठून घ्यायचे तो पत्ता मिळाला. मी शोधून थकले होते, म्हणजे तिकिटाचे निम्मे पैसे पायरीवरच वसूल. भाषणं सुरूही झाली नव्हती.

भाषणांचं थोडक्यात सांगते, कारण थोडक्यातच आहे. सहा ऐकली, मास्तरांच्या रेघेने चार खोडली. एक उरलं ते गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीचं. आमच्या खोल्यांची नोंद तिथे होती, पण फोन नंबर बाबांचा जुना, बंद पडलेला! लोक फोन करत असणार आणि आम्ही पावसाला दोष देत बसलेलो. त्याच रात्री लॉजवर बसून बदलला. दुसरं उरलं ते घाऊक भावाबद्दलचं. भाव ठरवताना कॅन, भाडं आणि गळती आधी धरायची, नफा मागाहून. मी उलटं करत होते.

हात वर केला. आवाज इतका कापत होता की नाव सांगून गावच विसरले. वक्त्यानेच विचारलं, "कुठून आलात?" मालवण म्हटल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "कोंबडी-वडे आणलेत काय?" सगळे हसले आणि माझी भीती गेली. दुपारी तीन जण स्वतः येऊन बोलले. दोन दिवसांत एकूण नऊ माणसं झाली. ४३ नाहीत, नऊ. पण नवांची नावं, चेहरे आणि कुणाला काय पाठवायचं ते पाठ आहे.

नवांतली एक मुलगी मुंबईच्या एजन्सीतली. ठाणेकरदादांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिने तिथल्या तिथे ठाण्याच्या एका हॉटेलवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी तयार नव्हते हो! त्याने तीन गोष्टी विचारल्या. एफएसएसएआय आहे का? आहे. किती टिकतं? वर्षभर. मिठाचं प्रमाण किती?

इथे माझी दातखीळ बसली.

त्याचं म्हणणं रास्त होतं. प्रत्येक कॅनमध्ये मीठ वेगळं असेल तर त्याच्या आचाऱ्याने रोज सोलकढी चाखून अंदाजाने करायची का? मी म्हटलं आईला विचारून सांगते. पाच लिटर नमुन्यासाठी पाठवा म्हणाला, प्रमाण लिहून.

घरी येऊन आईला विचारलं, रातांब्यांत (म्हणजे कोकमाच्या फळांत) मीठ किती घालतेस? "मूठ." म्हटलं, मूठ म्हणजे किती ग्रॅम? "मूठ म्हणजे मूठ. मोजूक कित्याक व्हया?" मग वजनकाटा आणून दोघींच्या मुठी मोजल्या. आईची मूठ आणि काकूची मूठ यात चांगला तिसऱ्या हिश्शाचा फरक! आता घरात वाद पेटलाय की इतकी वर्षं आगळ नेमकं कुणाच्या मुठीचं चांगलं होत होतं. दोघी आजपासून एकमेकींशी बोलत नाहीत, मी मध्ये निरोप्या.

नवांपैकी आठ जणांना दुसऱ्याच दिवशी ठरलेलं पाठवलं. कुणाला आमसुलं, कुणाला चिपळूणच्या ताईंचा नंबर, कुणाला नुसता फोटो. सहांचं उत्तर आलं. उरलाय फक्त नववा, फोनवरचा तो ठाण्याचा हॉटेलवाला, आणि तो या मिठावर अडलाय.

रातांबे एप्रिलमध्ये यायला लागतील, त्याआधी हे ठरवायला हवं. तुमच्यापैकी कुणी आगळ मोजून करतं का? किलोभर रातांब्याला मीठ किती घेता, आणि किती दिवस हलवता?

गावठीकाजू

अंदाजाने आकडा सांगणार नाही, फसाल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन विचारा, नाहीतर दापोलीच्या कृषी विद्यापीठात. कोकमावर त्यांचं काम आहे, लेखी प्रमाण मिळेल. जाताना आई आणि काकू दोघींनाही घेऊन जा.

रातांबा

एकाच रिक्षातून?