मदत हवी आहे: विनाचालक टॅक्सीच्या चाचणीला परवानगी कोण देतं?

पंचगंगाकाठ: उजळाईवाडी विमानतळ ते मध्यवर्ती बसस्थानक, दोन इलेक्ट्रिक गाड्या, लेव्हल ४ (ठरलेल्या मार्गावर चालकाविना चालणारी), लायडार (लेसरनं अंतर मोजणारं यंत्र), रडार, कॅमेरे. अर्ज कोल्हापूर आरटीओत करायचा की पुण्याला एआरएआयकडे (वाहनांची चाचणी करणारी संस्था)? सुरुवातीला सीटवर चालक ठेवला तर चालेल का?

कलमबहाद्दर: दोन्हीकडे हेलपाटेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३ नुसार सार्वजनिक जागी गाडी चालवायला लायसन्सवाली व्यक्ती लागते. सॉफ्टवेअरला लायसन्स नाही. एआरएआय गाडीचा नमुना तपासते, टॅक्सीचं परमिट तिच्या हातात नाही. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम २बी संशोधनासाठी सूट देतं, पण ती केंद्रानं द्यायची. गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये चालकांच्या रोजगाराचं कारण सांगून अशा गाड्या येऊ देणार नाही म्हटलंय, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका.

चालक बसवूनही भागत नाही. स्टिअरिंगला-ब्रेकला ॲक्च्युएटर (संगणकाच्या हुकुमानं ते हलवणारी मोटर) जोडलात की कलम ५२ आडवं येतं, ते गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी त्याकडेच बोट दाखवणार.

ट्रॉलीमागं: गळीत हंगामात त्या रस्त्यावर नकोच राव. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. मधली जोडदांडी बारीक, लायडारचे मोजके बिंदू तिच्यावर पडतात. सॉफ्टवेअरचा फिल्टर ते चुकीचे बिंदू समजून काढून टाकतो आणि गाडीला वाटतं मधून वाट आहे. बाहेर लोंबणाऱ्या उसाचंही तेच.

पंचगंगाकाठ: मग सुरुवात कुठून करू?

कलमबहाद्दर: कलम २(२८) वाचा. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं खास वाहन कायद्याच्या ‘मोटार वाहना’त येत नाही. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याचं आवार बघा. साधी नोंदणीकृत कार आत नेली म्हणून ती खास होत नाही, गोल्फ कार्टसारखी गाडी घ्या. आणि लोकांची मोकळी ये-जा असलेलं आवार नको, ती सार्वजनिक जागाच ठरते.

पंचगंगाकाठ: आत वेग किती ठेवू?

ट्रॉलीमागं: ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. यंत्रणेचा उशीर अर्धा सेकंद धरा, २.१ मीटर गेले. ओल्या काँक्रीटवर ३ मीटर/सेकंद² ब्रेक लागला तर आणखी २.९. म्हणजे ५ मीटर. पुढं मोकळे ८ तरी ठेवा. गाडीला बाहेरून दोन्ही बाजूंना ती तत्काळ थांबवणारं लाल बटण लावा. त्याची तार थेट मोटरच्या रिलेला (वीज तोडणाऱ्या स्विचला), संगणकातून नको. संगणक अडकला तर बटणाचा काय उपयोग?