मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलीने आघाडीवर जावे का?

प्रश्न (एक आई, प्रतापनगर, नागपूर):
माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. दहावीचे वर्ष असूनही पहाटे साडेपाचला मैदानावर जाणे तिने सोडलेले नाही, आणि फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळण्यातच तिचा जीव रमतो. मात्र मैदानावर भेटणारे काही पालक सांगतात, की निवड करणाऱ्यांचे लक्ष गोल करणाऱ्या मुलींकडेच जाते, तेव्हा व्यावसायिक खेळाडू व्हायचे असेल तर तिने आतापासूनच आघाडीवर खेळावे. हे कितपत खरे आहे? आणि या खेळावर चरितार्थ चालतो का?

उत्तर (कामठी):
ताई, कृपया तिची जागा बदलू नका. 2021 ते 2025 या पाचही वर्षी महिलांचा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मधल्या फळीतील खेळाडूलाच मिळाला आहे: पहिली दोन वर्षे स्पेनची अलेक्सिया पुतेयास आणि पुढची तीन वर्षे स्पेनचीच आयताना बोनमाती. आपल्याकडे पाहायचे तर 5 जुलै 2025 रोजी थायलंडला 2-1 असे हरवून भारतीय संघ आशियाई चषकासाठी पात्र ठरला, त्या सामन्यातील आपले दोन्ही गोल मधल्या फळीतील संगीता बासफोर हिचे होते. मी बारा वर्षे मुलींना शिकवतो आहे. मधल्या फळीतील मुलीकडे पाहताना मी गोल मोजत नाही. चेंडू पायाशी येण्यापूर्वी तिने मान वळवून किती वेळा मागे पाहिले, हे मोजतो. ज्या मुलीला चेंडू येण्याआधीच पुढचा पास दिसतो, तिच्याभोवती सगळा संघ बांधता येतो.

उत्तर (धंतोली):
चरितार्थाविषयी मी स्पष्टच लिहिते. भारतीय महिला लीग ही क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा 2017 मध्ये सुरू झाली, आणि क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3 लाख 20 हजार रुपयांचा करार करावा, हा नियम थेट 2023-24 च्या हंगामात आला. एवढ्यावर घर चालवणे कठीण असल्यामुळे बहुतेक मुली नोकरीचा आधार शोधतात. संगीता स्वतः सशस्त्र सीमा बलात आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रे आजपासूनच नीट जपून ठेवा आणि पदवी सोडू देऊ नका. जिल्हा संघातून राज्य संघ आणि तिथून राजमाता जिजाबाई करंडक ही राष्ट्रीय स्पर्धा, या वाटेने ती गेली तर क्लबच्या नजरेत येईल.

उत्तर (मानकापूर):
गुडघ्याचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. गुडघ्यातील अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरेच अधिक असते. पुतेयास 2022 च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर याच दुखापतीने बाहेर पडली आणि तिला परतायला सुमारे दहा महिने लागले. मधल्या फळीत सतत वळावे लागते, त्यामुळे उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरण्याचा सराव तिला आठवड्यातून दोन-तीनदा करायला लावा. मला तो कोणी शिकवला नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी माझा खेळ थांबला.

मूळ प्रश्नकर्ती:
आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, याबद्दल आभार. रविवारी तिचा सामना आहे. या वेळी मी चेंडूकडे न पाहता तिच्या मानेकडे पाहणार आहे. मानकापूरच्या ताई, हा सराव तुम्ही तिला समोर उभे राहून दाखवू शकाल का?