टॉर्क्सवाल्यांनो, आधी बिट तर नीट निवडा!

सागवानी: काल इथे स्क्रूच्या खाचांवर एकाने लिहिलं, 'सगळे स्टार एकच आणि सगळे कचरा, घरभर टॉर्क्स घाला.' रात्रभर डोक्यात तेच. स्टार म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी खाच, टॉर्क्स म्हणजे सहा टोकांची, आणि बिट म्हणजे ड्रायव्हरचं त्यात बसणारं टोक. अहो, स्टारच्या चार पाकळ्यांमध्ये बारीक रेघा दिसल्या की तो पोझिड्राइव्ह. त्यात साध्या स्टारचा, म्हणजे फिलिप्सचा, पीएच२ बिट घातलात तर खाच जाणारच. चूक बिटाची, शिव्या स्क्रूला. आणि तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे टॉर्क्सचा टी२५ बिट मागा, तो विचारेल, 'स्टारच ना?'

टी_पंचवीस: कालचं लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या, जोर लावला की बिट वर सरकतो. टॉर्क्सच्या उभ्या. १९६७पासून आहे हे, नवं फॅड नव्हे. चार इंची स्क्रू सागवानात स्टारने बसवून दाखवा, मग बोलू.

मिसिसागाकर: चौकोनी खाच विसरलात दोघंही. इकडे कॅनडात ती रॉबर्टसन म्हणून ओळखतात, १९०८ची. स्क्रू बिटवर असा बसतो की शिडीवर एक हात मोकळा राहतो. घरातलं बहुतेक काम लाल मुठीच्या एका ड्रायव्हरवर निघतं. मोटारवाल्या फोर्डला तिचे हक्क एकट्यासाठी हवे होते, ती काढणाऱ्या रॉबर्टसनने दिले नाहीत.

सागवानी: गोष्ट छान. चिपळुणात मिळतो का ते सांगा.

गिरमिट: खाच कुठलीही असू दे, आमचा सुतार हातोडीनेच ठोकतो! मे महिन्यात कपाटं केली. पाऊण स्क्रू ठोकला, शेवटचे दोन आटे फिरवले. गणपतीत दार माझ्या हातात.

रंधा: सुताराला नावं ठेवणं सोपं आहे. माझे वडील आधी गिरमिटाने भोक पाडायचे, स्क्रूला साबण लावायचे, मग पितळी चपटा (एका सरळ खाचेचा) स्क्रू हाताने. २०२१च्या पुरात आमचं दार बुडालं होतं, बिजागऱ्या आजही घट्ट. तुम्ही मजुरी चौरस फुटावर ठरवता ना? भोक पाडायचे पैसे धरले होते?

गिरमिट: म्हणजे चूक माझी? सांगितले तेवढे मोजलेत, घासाघीस न करता. ठोकलेला स्क्रू आतलं फाडत जातो, आट्यांना धरायला काही उरत नाही.

रंधा: प्लाय कुठला होता?

गिरमिट: पार्टिकल बोर्ड, भुसा दाबून केलेला. पण मुद्दा तो नाही.

रंधा: नाही कसा! त्यात टॉर्क्स घाला नाहीतर सोन्याचा घाला.

टी_पंचवीस: रंधादादा, चपट्याचं एक मान्य. पितळी स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत फिरवणारं मशीन) लावला की मुंडी तुटून हातात येते, तीन तोडलेत. तिथे हातच बरा. बाकी टॉर्क्सच.

सागवानी: आणि पोझी?

टी_पंचवीस: ते वेगळं असतं हे मला ठाऊक होतं.

सागवानी: हो का! मग 'सगळे स्टार एकच' तुमच्या मांजराने टाइप केलं?

टी_पंचवीस: बरं बाबा, घाईत लिहिलं. टी२५ पाठवू का कुरिअरने? एकदा वापरून तर बघा.

सागवानी: पाठवा. बदल्यात पोझीचा पीझेड२ बिट धाडतो, तुम्हाला जास्त गरज आहे.