बारावीनंतर पहिल्यांदा कॅम्पसवर जाणाऱ्यांसाठी: मराठवाड्यात शिकलेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

निकाल लागला की आमच्या अंबड तालुक्यातून मला फोन सुरू होतात. "ताई, हॉस्टेल मिळंल का? रॅगिंग असती का? सगळं इंग्रजीतच शिकवतेत का?" फोन करणाऱ्या बहुतेकांच्या घरातलं याआधी कोणी कॉलेजसाठी बाहेर राहिलेलं नसतं. माहितीपुस्तिकेत फी आणि विषय दिलेले असतात, पण पहिल्या आठवड्यात कोणत्या खिडकीवर कोणता कागद घेऊन जायचं, ते त्यात नसतं. ज्यांच्या घरी प्राध्यापक-इंजिनिअर आहेत त्यांना हे घरीच ऐकून कळतं. बाकीच्यांना कोणीतरी मुद्दाम सांगावं लागतं, म्हणून हा धागा. उपदेश नको. तुमच्या पहिल्या वर्षात काय घडलं, काय कामाला आलं ते लिहा. कॉलेजचं नाव लिहायचं नसेल तर जिल्हा पुरे.

सुरुवात मी करते, कागदांपासून. दहावी-बारावीचे मेमो (गुणपत्रिका), टीसी, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमिलेयर, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड. टीसी एकदा कॉलेजात जमा झाली की हातात राहत नाही, त्यामुळे आधीच तिच्या भरपूर झेरॉक्स आणि एक चांगलं स्कॅन काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरला म्हणजे काम संपत नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथं तपासला जातो, मग विभागाकडे. कुठं काही कमी पडलं तर तो तुमच्याकडेच परत येतो, आणि तुम्ही लॉगिन केलं नाही तर तसाच पडून राहतो. आठवड्यातून एकदा बघत जा. बँकेत "आधार लिंक आहे का" एवढंच विचारू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का" असं विचारा. खात्याला नुसतं आधार जोडणं आणि सरकारी पैसे थेट त्यात पडण्यासाठी (डीबीटी) जोडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. ते आपोआप होत नाही.

आता तुम्ही लिहा.

बीड जिल्हा, सध्या नांदेडला इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि कारखाने बंद झाले की उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. म्हणजे माझ्या पहिल्या सेमिस्टरची परीक्षा होती तेव्हा ते दोघं फडात होते. माझ्यासारख्या मुलींसाठी हे लिहितेय.

पालकांची सही लागणारी सगळी कामं, उत्पन्नाचा दाखला, बँकेतली कामं, घोषणापत्रं, गाडी निघायच्या आधी उरकून घ्या. हॉस्टेलच्या फॉर्मवर स्थानिक पालकाचा रकाना असतो. तिथं ज्याचा फोन खरंच लागतो अशा माणसाचा नंबर द्या. मी मावशीचा दिला होता. आणि हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगितलं की आई-बाबा तोडीला आहेत, फोन रात्रीच लागतो. सांगताना घसा कोरडा पडला होता. त्यांनी ऐकून घेतलं, रजिस्टरला नोंद केली, आणि सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं तेव्हा मी कुठं राहणार हे त्यांनीच आठवणीनं विचारलं. सांगितलं नसतं तर त्यांना कळलं कसं असतं?

फीबद्दल: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेश फेरीतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो हिशोब घरी आधीच सांगा. गावात अजूनही "पोरीला कशाला एवढा खर्च" म्हणून अर्जच न भरणारी घरं आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोहोचवा.

इंग्रजीचं म्हणाल तर मी दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि नंतर मराठी शाळेत. पहिले काही आठवडे सर काय बोलतात ते निम्मं डोक्यावरून जायचं. आम्ही चौघी रात्री मेसनंतर एकत्र बसायचो, एकीनं एक टॉपिक मराठीत समजावून सांगायचा, मग त्याचीच इंग्रजी उत्तरं लिहायची. पेपर इंग्रजीत असला तरी गणित तेच असतं. मागच्या वर्षांचे पेपर सीनिअर मुलींकडून पहिल्याच महिन्यात मागून घ्या, त्या आनंदानं देतात.

सेलू, परभणी जिल्हा, बीकॉम

सगळ्यांनाच रूम परवडत नाही. आम्ही अपडाऊनवाले लै आहोत, आमच्यासाठी कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहायलो.

विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पासासाठी कॉलेजचा सही-शिक्का लागतो आणि जून-जुलैत आगारात रांग असते, त्यामुळं प्रवेश झाला की त्याच दिवशी फॉर्म घ्या. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असायचा, पदवीला तो राहत नाही. बऱ्याच घरांना हे प्रवेशानंतर कळतं. रेल्वेच्या रस्त्यावर गाव असेल तर मनमाड-धर्माबाद मराठवाडा एक्सप्रेस आमच्यासारख्यांची मोठी सोय आहे, पण तीवर पहिला तास अवलंबून ठेवू नका.

प्रॅक्टिकलच्या बॅच पाडताना सरांना गाडीची वेळ सांगा. आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या दोघांनी अशी बॅच बदलून घेतली, सर एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, शेवटची गाडी हुकली तर कुणाकडं मुक्काम करायचा हे पहिल्या महिन्यातच ठरवून ठेवा. डब्यात भाकरी-ठेचा असला की दुपार निघते. अपडाऊन करणाऱ्यानं लायब्ररीचं कार्ड मात्र काढायलाच पाहिजे. दोन तासांमधला रिकामा वेळ कॅन्टीनला गेला की दिवसच जातो.

हिंगोली जिल्हा, छत्रपती संभाजीनगरला बीए, आता एमए

सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही तर पोरं गावाकडं परत जातात. थांबा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना, ज्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी, समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तिन्हींत जेवण-राहण्याचे पैसे थेट खात्यावर येतात, पण ते उशिरा येतात. सुरुवातीचे काही महिने कसे काढायचे याची तयारी घरूनच करून या. हजेरी ७५ टक्के ठेवा. ती स्वाधारलाही लागते आणि परीक्षेलाही.

मी नागसेनवनात शिकलो. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय इथं सुरू केलं ते मराठवाड्यात उच्च शिक्षणाची फारशी सोय नव्हती म्हणून. मराठवाडा विद्यापीठ झालं ते १९५८ ला. पहिल्या वर्षी १४ जानेवारीला आम्ही विद्यापीठाच्या गेटवर गेलो. नामविस्तार, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं ते याच तारखेला, १९९४ साली, माझ्या जन्माच्या आधी. पण गेटसमोर खेड्यापाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाया हात जोडून उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीनं मला विचारलं, "बाळा, तू आत शिकतोस का?" मी हो म्हणालो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ज्या गेटसाठी लोकांनी एवढं सोसलं त्याच्या आत जाऊन लायब्ररीत बसायचं, हे तेव्हापासून मला फार मोलाचं वाटतं. नवीन येणाऱ्यांनी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि मागच्या डोंगरातली बौद्ध लेणी दोन्ही बघा.

एक कामाची गोष्ट. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या जिल्ह्यांची कॉलेजं याच विद्यापीठाखाली आहेत, तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची दुसऱ्या, म्हणजे १९९४ ला झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली. इकडची पदवी घेऊन तिकडं पुढं शिकायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं.

जिल्हा लिहीत नाही

रॅगिंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं झालं. रात्री रूमवर बोलवायचे, उभं करायचे, घरच्यांवरून बोलायचे. "ओळख करून घ्यायलोत" असं त्याला म्हणायचे. माझा रूममेट जेवायचा बंद झाला.

आम्ही १८००-१८०-५५२२ वर फोन केला. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ही हेल्पलाईन चोवीस तास चालू असते. दुसऱ्या दिवशी कॉलेजची समिती हॉस्टेलवर आली. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि दोषी विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालक ज्या शपथपत्रावर सही करता ते याचंच आहे, वाचून सही करा. चांगले सीनिअर खूप असतात, मला पुस्तकं सीनिअरनीच दिली. पण दार बंद करून, फोन बाजूला ठेवायला लावून जी "ओळख" होते ती ओळख नसते.

*(धागा काढणारी: हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वाचणाऱ्या पालकांनो, पोरगं फोनवर अचानक कमी बोलायला लागलं तर "अभ्यास कर" म्हणण्याआधी जाऊन भेटून या.)*

लातूर, बीएस्सी

लातूरमध्ये ट्युशन एरियात दोन वर्षं काढल्यावर नीटचा स्कोअर लागला नाही की घरात सुतक पडतं. माझ्या वर्गात निम्मी मुलं अशीच, पाय ओढत आलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांना वाटायचं आपण इथं तात्पुरते आहोत.

बदल झाला तो प्रयोगशाळेत. ट्युशनमध्ये आम्ही बेडकाच्या हृदयावरचे प्रश्न सोडवले होते, मायक्रोस्कोप कधी हातात आला नव्हता. मॅडमनी कांद्याच्या मुळाची स्लाईड आमच्याकडून बनवून घेतली आणि पेशी विभागताना दिसल्या. त्या दिवशी मी ठरवलं की मायक्रोबायोलॉजी मेजर घ्यायचं. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य), मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय निवडावे लागतात आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा घेता येतो. गर्दी बघून निवडू नका, त्या विषयाच्या शिक्षकांना जाऊन भेटा, काय शिकवणार ते विचारा. क्रेडिट जमा व्हायला एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो, त्यावरचं नाव आणि मेमोवरचं नाव अक्षरशः एकच पाहिजे.

परभणी, कृषी पदवी, शेवटचं वर्ष

थोडक्यात. कॅम्पस अफाट आहे, सायकल आणा. सकाळी शेतावर प्रॅक्टिकल असतं, टोपी आणि जुने बूट लागतात. शेतकऱ्याच्या पोरांना वाटतं आपल्याला सगळं येतं, पण घरी आपण पेरतो ते का पेरतो हे इथं कळतं. शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं, तिथं तुमचं बोलणं कामाला येतं.

अंबाजोगाई, एमबीबीएस

पहिला महिनाभर मला रोज संध्याकाळी रडू यायचं. शरीररचनाशास्त्राच्या हॉलमुळं नव्हे, घराच्या आठवणीनं. मेसची आमटी समोर आली की आईची येसर आमटी आठवायची. रूममेट धाराशिवची, तिचंही तेच. आम्ही दोघी रोज जेवणानंतर चालायला जायला लागलो आणि हळूहळू बरं वाटलं. ज्यांना त्यानंही बरं वाटत नाही त्यांच्यासाठी टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी वर्गातल्या एका मुलाला तो लावून दिला होता.

कॉलेज ऑफिसमधून निवृत्त, जालना

मी खिडकीच्या आतल्या बाजूला नोकरी काढली, तेव्हा आतलं सांगतो. जुलैत आमच्यावर फार ताण असतो, आवाज चढला तरी मनावर घेऊ नका, पण काम सोडून परतही जाऊ नका. दुपारच्या जेवणानंतर गर्दी कमी असते. कोणताही अर्ज दिला की झेरॉक्सवर पोच घ्या, तारीख टाकून. परीक्षा फॉर्मवर नाव, आईचं नाव, विषय हे तिघांनी वाचून बघावं, एका वेलांटीपायी पुढं विद्यापीठापर्यंत हेलपाटे होतात.

एका मुलीनं मला विचारलंय की दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं तर पहिलं कॉलेज मूळ मेमो अडकवून ठेवेल का. तसं ठेवता येत नाही. यूजीसीचा नियम आहे की मूळ मेमो तपासून लगेच परत द्यायचे. प्रवेश रद्द करायचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कारण फी किती परत मिळणार हे त्या अर्जाच्या तारखेवरून ठरतं. आणि बेटा, बोनाफाईड (तू इथं शिकतेस असा कॉलेजचा दाखला) काढायला येशील तेव्हा एकदम तीन-चार माग. एक पासाला जाईल, एक बँकेला, एक शिष्यवृत्तीला, आणि एक तुझ्या फाईलमध्ये राहू दे.